गिऱ्हाईक कोण, हे कार्डावरून नको, बिलावरून ठरवा: घाऊक गोदाम-दुकानांबद्दल राज्य सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र यंत्रणा, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी: मा. कामगार आयुक्त, मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा

विषय: कार्ड दाखवून प्रवेश मिळणाऱ्या घाऊक दुकानांसाठी राज्याचे नियम

महोदय,

छतापर्यंत माल रचलेली, पॅलेटवरूनच (माल रचायच्या लाकडी फळीवरूनच) विक्री करणारी आणि दारात व्यवसायाचे सभासद-कार्ड पाहून आत सोडणारी घाऊक दुकाने भारतात २००३ पासून आहेत. त्या वर्षी मेट्रो या जर्मन कंपनीने बेंगळुरूत पहिले ‘कॅश अँड कॅरी’ दुकान उघडले. २००९ मध्ये वॉलमार्टच्या भागीदारीतले ‘बेस्ट प्राइस’ अमृतसरला आले. पुढे हा व्यवसाय २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेला, तर मेट्रोचा भारतातला कारभार २०२३ मध्ये रिलायन्सकडे आला. पाट्या बदलल्या, मालक बदलले, दारातले कार्ड तेवढे तसेच राहिले. आणि हे दुकान नेमके आहे काय, याचे उत्तर आपल्या राज्याच्या कायद्यांत आजही एका ठिकाणी सापडत नाही. कामगार विभागाला ती आस्थापना आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तो एफ गटातला व्यापारी वापर धरायचा की एच गटातली साठवण, यावर वाद घालता येतो. वजनमापे निरीक्षकाच्या दृष्टीने एकाच मांडणीवरचा एक खोका घाऊक असतो आणि शेजारचा किरकोळ.

या दुकानांत कोणाला माल विकायचा, हे ठरवणारी एकमेव स्पष्ट कसोटी राज्याची नाही, केंद्राच्या परकीय गुंतवणूक धोरणाची आहे. विक्री घाऊक की किरकोळ हे मालाच्या आकारमानावरून ठरत नाही, गिऱ्हाईक कोण यावरून ठरते, असे ते धोरण सांगते. कर-नोंदणी असलेला व्यापारी, दुकान-परवाना किंवा तत्सम सरकारी नोंदणी असलेला व्यावसायिक, फेरी-परवाना असलेला विक्रेता, आणि स्वतःच्या वापरासाठी घेणारी नोंदणीकृत संस्था किंवा न्यास, एवढेच त्यात बसतात. गिऱ्हाइकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि विक्रीची रक्कम यांची रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते. एकाच समूहातल्या कंपन्यांना विकलेला माल एकूण उलाढालीच्या २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कसोटी चांगली आहे, पण ती गुंतवणुकीच्या परवानगीची अट आहे. ज्या कंपनीत परकीय पैसा नाही तिला ती लागू होत नाही. म्हणजे तशाच आकाराची, तसाच माल विकणारी दोन गोदामे समोरासमोर असली तर एकाच्या दारात परवाना तपासणे कायद्याने भाग आहे आणि दुसऱ्याच्या दारात ती फक्त कंपनीची मर्जी आहे.

शिवाय ज्या कागदावर कार्ड मिळते तो कागदच आता पातळ झाला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी केली. छोट्या दुकानदाराचा हेलपाटा वाचला, याचे आम्ही स्वागतच करतो. पण ती सूचना स्वयंघोषणेवर चालते आणि जी पावती मिळते तिला लोक अजूनही ‘गुमास्ता’च म्हणतात. पूर्वीच्या गुमास्त्यामागे निरीक्षकाची एक फेरी तरी असे, आजच्या पावतीमागे अर्जदाराचा शब्द आहे. त्यामुळे नोकरदार घरातही भावाच्या, मेव्हण्याच्या पावतीवर निघालेले कार्ड असते, तर रस्त्यावर वीस वर्षे भाजी विकणारीकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचे प्रमाणपत्रच नसते म्हणून तिला कार्ड मिळत नाही. जिचा व्यापार खरा तीच दाराबाहेर राहते.

इथपर्यंत हा प्रश्न फक्त प्रवेशाचा वाटेल. खरी अडचण माल खराब निघाल्यावर कळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नसतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायची वस्तू घेतली तर तो ग्राहक राहतो, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. आता पाहा. व्यावसायिक कार्डावर घरासाठी मिक्सर घेतला आणि तो जळाला, तर दुकान म्हणू शकते, ‘तुमचे कार्ड व्यवसायाचे, तुम्ही ग्राहक नाही.’ मग वापर घरगुती होता की व्यवसायाचा, यावरच वाद सुरू. उलट, खराब बिस्किटांचे वीस खोके मिळालेल्या किराणा दुकानदाराला ग्राहक आयोगाचे दार बंदच आहे. त्याच्यासाठी उरतो दिवाणी दावा, आणि वीस खोक्यांसाठी दिवाणी कोर्टात कोणी जात नाही. एका कार्डाने दोघांचेही नुकसान होते.

म्हणून आमचे म्हणणे एकच आहे: गिऱ्हाइकाची ओळख आणि त्याचे हक्क कार्डावरून ठरवू नका, बिलावरून ठरवा. तेही अख्ख्या बिलावरून नव्हे, बिलातल्या ओळीवरून. दुकानदार एकाच फेरीत विक्रीसाठी पाच खोके साबण नेतो, दुकानाच्या गल्ल्यासाठी कॅल्क्युलेटर नेतो आणि घरासाठी चहाही नेतो. त्याला तीन रांगांत उभे करण्यात अर्थ नाही. बिलावरच्या प्रत्येक वस्तूपुढे एक खूण छापावी: पुनर्विक्रीसाठी ‘वि’, व्यवसायात वापरण्यासाठी ‘व्य’, घरगुती वापरासाठी ‘घ’. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हा एक जादा रकाना आहे, त्यापलीकडे काही नाही.

हे कुठे फसेल, तेही सांगतो. काउंटरवर रांग वाढली की कॅशिअर आधीपासून भरलेला पर्याय तसाच पुढे जाऊ देतो. म्हणून आधीपासून भरलेला पर्याय गिऱ्हाइकाला जास्त संरक्षण देणारा, म्हणजे ‘घ’ असला पाहिजे. चालू स्थितीतला जीएसटी क्रमांक किंवा परवाना क्रमांक कार्डाशी जोडलेला असेल आणि गिऱ्हाइकाने सांगितले असेल, तरच ‘वि’ किंवा ‘व्य’ पडावे. दुसरी फट दरांची आहे. ‘वि’ला स्वस्त आणि ‘घ’ला महाग असे दोन दर ठेवले, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे गाव पुनर्विक्रेते होईल. तेव्हा दर फक्त नगांच्या संख्येवर ठरवावा, खुणेवर नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. एवढे केले की खोटी खूण टाकून कोणाचा फायदा उरत नाही. नोंदणीकृत दुकानदाराला कराची वजावट हवी असते, तो ‘वि’ मागेल. घरगुती वस्तूंवर वजावट घेता येत नाही हे जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये आहेच, त्यामुळे चहाच्या पुड्यापुढची ‘घ’ ही खूण कर-तपासणीत त्याच्याच बाजूने बोलेल. आणि बिलाच्या तळाशी एक वाक्य सक्तीचे असावे: ‘या खुणेमुळे ग्राहक संरक्षण कायद्यातील कोणताही हक्क कमी होत नाही.’ शिवणकाम करून घर चालवणारीने ‘व्य’ खुणेवर मशीन घेतले तरी कलम २(७) चे स्पष्टीकरण तिच्यापासून कोणी काढून घेता कामा नये.

परकीय गुंतवणूक असलेल्या घाऊक कंपनीला वैयक्तिक वापरासाठी विक्री करता येत नाही. तिथे संस्थांची खरेदी सोडून ‘घ’ ओळ बिलिंग यंत्रानेच नाकारावी. आज ती विक्री दुसऱ्याच्या परवान्याच्या आडून होते आणि कागदावर दिसत नाही. खुणांची पद्धत आली तर ती एक तर थांबेल, नाही तर उघड दिसेल.

यात नवे तत्त्व काही नाही. औषधांच्या व्यापारात हे कित्येक वर्षे चालू आहे. घाऊक औषध विक्रीचा परवाना २०-बी आणि २१-बी नमुन्यात, किरकोळचा २० आणि २१ मध्ये. घाऊक परवान्यावर रुग्णाला गोळी विकता येत नाही आणि घाऊक बिलावर घेणाऱ्याचा परवाना असावा लागतो. साबण-तेलाला एवढी कडक चौकट नको, पण व्यवहार नेमका कोणत्या प्रकारचा हे बिलाने सांगायचे, एवढे तत्त्व तिथून घेता येईल.

आता आवेष्टनांकडे वळतो, कारण दंड भरावा लागतो तो इथे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे किरकोळ पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत वगैरे सगळे हवे. घाऊक आवेष्टनाला नियम २४ लागतो. त्यावर नाव-पत्ता, वस्तूची ओळख आणि आतल्या पाकिटांची संख्या किंवा निव्वळ वजन एवढेच पुरते, किंमत लागत नाही. दहा किंवा अधिक किरकोळ पाकिटे असलेला खोका, आतली पाकिटे नीट छापील असतील तर, घाऊक आवेष्टनात मोडतो. सहा नगांचा संच मात्र किरकोळ विक्रीचाच. गोदाम-दुकानात हे दोन्ही एकाच मांडणीवर, हाताला हात लावून असतात आणि दोन्ही कोणीही उचलू शकतो.

एक संच हातात घेऊन पाहू. बारा साबणांवर पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन आहे, त्या वेष्टनावर एमआरपी आणि बाकी तपशील. आतल्या वडीवर बारीक अक्षरांत ‘स्वतंत्र विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे, किंमत नाही. किराणा दुकानदार तो संच घेतो, दुकानात येऊन प्लास्टिक फाडतो आणि वड्या सुट्या बरणीशेजारी मांडतो. किंमत छापलेले प्लास्टिक केराच्या टोपलीत गेले. चार दिवसांनी निरीक्षक येतो, वडी उलटसुलट करतो, एमआरपी नाही, आणि कायद्याच्या कलम ३६ खालचे प्रकरण त्या दुकानदारावर होते. त्याने चूक केली, हे खरे. पण तो पुनर्विक्रीसाठी घेतो आहे हे माहीत असून, त्याच्या परवाना क्रमांकासह, ज्याने त्याला सुटे विकता न येणारा माल विकला, त्या गोदामावर काहीच होत नाही.

यावर उपाय बिलातच आहे. आतल्या नगांवर घोषणा नसलेला माल ‘वि’ खुणेने विकायला बंदी हवी. त्यासाठी गोदामाने माल आत घेतानाच बारकोडला एक खूण जोडायची: ‘आतील नग विक्रीयोग्य: होय किंवा नाही’. हे काम पहिल्यांदा एक खोका उघडून, एक नग हातात घेऊन करावे लागते. उत्पादकाच्या तक्त्यावरून केले तर चुकते, कारण सणाच्या दिवसांतल्या ‘एकावर एक’ संचांना बऱ्याचदा नेहमीचाच बारकोड असतो आणि आतला नग मात्र वेगळा छापलेला असतो. मांडणीवरच्या दरपट्टीवरही तीच माहिती हवी. ‘नाही’ असलेला माल चुकून ‘वि’ने गेला तर जबाबदारी गोदामाची, हे नियमात लिहावे.

दरपट्टीचा विषय निघालाच आहे. घाऊक दुकानांत कर वगळलेला दर मोठ्या आकड्यांत आणि करासह दर खाली बारीक लिहिण्याची पद्धत आहे. जीएसटीची वजावट घेणाऱ्याला पहिला आकडा उपयोगी, पण टपरीवाला, खानावळवाली, छोटा किराणा यांना वजावट नसते, त्यांच्या खिशातून दुसरा आकडा जातो. दोन्ही आकडे सारख्या उंचीचे असावेत, एवढी साधी मागणी आहे.

एकक किंमत त्याहून महत्त्वाची. २०२१ च्या दुरुस्तीने पाकिटावर एकक विक्री किंमत आली: एक किलोपेक्षा कमी वजनाला प्रतिग्रॅम, जास्तीला प्रतिकिलो, रुपयांत आणि दोन दशांशांपर्यंत. हेतू उत्तम, पण गोदाम-दुकानात, जिथे ५०० ग्रॅमचे पाकीट आणि ५ किलोची पिशवी यांतच निवड करायची असते, तिथे तो मोडतो. एका पाकिटावर ‘०.१२ प्रतिग्रॅम’, दुसऱ्यावर ‘११८ प्रतिकिलो’. पहिल्याचे किलोला १२० होतात असे वाटते. पण दोन दशांशांच्या पूर्णांकनात ०.१२ म्हणजे ०.११५ पासून ०.१२५ पर्यंत काहीही असू शकते, म्हणजे किलोला ११५ ते १२५. मोठी पिशवी स्वस्त की महाग, हे त्या छापील आकड्यावरून कळतच नाही. पाकिटावरची छपाई केंद्राच्या नियमात आहे, ती आपण सोडून देऊ. मांडणीवरच्या पट्टीवर मात्र प्रत्येक वजनी मालाचा दर प्रतिकिलोच लिहावा, पाकीट पन्नास ग्रॅमचे असो वा कट्टा असो, असा नियम राज्याने करावा.

तेलाला तर दोन दर लागतील. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला सारखेच. खाद्यतेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल, दुसऱ्यापेक्षा जवळपास १ किलो ३५० ग्रॅम कमी. उलट, १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर भरते. वडापाववाला डब्याच्या किमतीला पंधराने भागतो आणि एक लिटरच्या पिशवीशी तुलना करतो, तेव्हा डबा ज्या मापाचा असेल त्याप्रमाणे त्याचा हिशेब नऊ-दहा टक्क्यांनी चुकतो किंवा बरोबर येतो. ज्याचा दिवसाला एक डबा संपतो त्याच्यासाठी नऊ-दहा टक्के म्हणजे नफ्याचा मोठा भाग. तेलाच्या पट्टीवर प्रतिकिलो आणि प्रतिलिटर असे दोन्ही दर हवेत, आणि डब्याचे माप मोठ्या अक्षरांत.

वजनकाट्यांबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वर्षातून एकदा होते, ते गोदाम-दुकाने करून घेतात. गडबड होते ती काट्याच्या निवडीत. तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे मध्यम अचूकतेच्या, काट्यावर त्याच्या पडताळणी अंतराच्या (ज्या टप्प्याने तो वजन मोजतो त्याच्या) वीसपटीपेक्षा कमी वजन करू नये. १० ग्रॅम अंतराच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ही मर्यादा २०० ग्रॅम येते. भाजी-धान्याच्या काट्यावर १०० ग्रॅम वेलची तोलली तर आकडा दिसतो, पण त्यावर विसंबता येत नाही. मसाले आणि सुकामेवा यांच्या विभागात एक किंवा दोन ग्रॅम अंतराचा वेगळा काटा सक्तीचा करावा. दुसरी गोष्ट धड्याची, म्हणजे रिकाम्या क्रेटच्या वजनाची. क्रेटचे वजन यंत्रात एकदाच भरून ठेवतात आणि सगळ्या क्रेटना तेच वजा होते. धुऊन आलेला ओला क्रेट, जुन्या जाड प्लास्टिकचा क्रेट, तळाशी पुठ्ठा घातलेला क्रेट, यांची वजने वेगळी असतात. २० किलो मालात २०० ग्रॅमची चूक म्हणजे एक टक्का, आणि ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच अंगावर पडते. क्रेटवर त्याचे वजन कोरलेले असावे आणि गिऱ्हाइकाने मागितले तर रिकामा क्रेट तोलून दाखवावा. गिऱ्हाइकासाठी बिल काउंटरच्या पुढे एक मुद्रांकित काटा मोकळा ठेवावा, म्हणजे सीलबंद कट्टाही बाहेर पडण्याआधी तोलता येईल.

बाहेर पडताना बिल आणि ट्रॉली ताडून शिक्का मारतात. त्या शिक्क्यानंतर कमी मालाची तक्रार ऐकत नाहीत. सुट्या नगांना ते ठीक आहे, पण सीलबंद खोक्यात चोवीसऐवजी बावीस नग निघाले तर ते दारात कसे कळणार? सीलबंद आवेष्टनातल्या तुटीसाठी आणि मुदत संपलेल्या मालासाठी किमान ४८ तासांची मुदत आणि तक्रारीची छापील पोच असावी. पुनर्विक्रेत्याला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, म्हणून ‘वि’ खुणेच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर पुरवठा अधिकारी, वजनमापे अधिकारी आणि व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी यांची एक तडजोड समिती नेमावी. ठरावीक रकमेपर्यंतचा तिचा निर्णय गोदामावर बंधनकारक राहील, अशी अट या दुकानांच्या राज्याकडच्या नव्या नोंदणीतच घालता येईल.

आता ज्याने जीव जाऊ शकतो ते. गोदामात मालाची उंच मांडणी असते, पण तिथे बाहेरची माणसे नसतात. दुकानात माणसे असतात, पण माल डोक्यावर चार-पाच मीटर उंच नसतो. या दुकानांत दोन्ही एकत्र येते, लहान मुलांसह. आजची तपासणी यातले काही पाहत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यातून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत आहे एवढे कळते. पण छतावरचे स्प्रिंकलर कोणत्या मालासाठी आणि किती उंचीसाठी आखले होते, आणि आज त्याखाली काय रचले आहे, हे त्यातून कळत नाही. पीठ-मीठ-साबणासाठी आखलेल्या यंत्रणेखाली उन्हाळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, फोमच्या गाद्या आणि तेलाचे डबे आले, तर पंप उत्तम चालत असूनही पाणी आगीला पुरे पडणार नाही. मांडण्यांमधल्या प्रत्येक गल्लीसाठी मालाचा प्रकार आणि कमाल उंची लिहिलेला फलक हवा, आणि मालाचा प्रकार बदलला की यंत्रणेची नव्याने तपासणी.

रॅकच्या मजबुतीची तर कोणाकडेच नोंद नसते. युरोपातल्या ईएन १५६३५ मानकात तपासणीची सोपी रीत आहे, ती उचलावी. एक मीटर लांबीची सरळ पट्टी रॅकच्या उभ्या खांबाला लावायची. तुळईच्या दिशेने खांबाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असेल, किंवा त्याला काटकोनात, म्हणजे चौकटीच्या दिशेने, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो खांब धोक्याच्या खुणेचा. त्याच्यावरचा माल उतरला की दुरुस्तीपर्यंत पुन्हा चढवायचा नाही. बाक या मर्यादेच्या दुप्पट झाला तर माल तत्काळ उतरवायचा आणि गल्ली बंद. चौकटीतल्या तिरक्या पट्ट्यांना १० मिलिमीटरची मर्यादा आहे. हे दर आठवड्याला दुकानातल्या प्रशिक्षित माणसाने आणि वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाने पाहावे. खांब वाकतात ते बहुधा जमिनीपासून पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये, ट्रॉली आणि पॅलेट-ट्रकच्या धक्क्याने. तिथे लोखंडी संरक्षक बसवला की बरेच नुकसान टळते. तुळईच्या टोकाची कुलूप-पिन गळालेली असणे हा दुसरा नेहमीचा दोष. पिन नसली तर फोर्कलिफ्टने खालून नुसते उचलले तरी तुळई खोबणीतून सुटते.

फोर्कलिफ्ट चालू असताना त्या गल्लीची दोन्ही तोंडे साखळीने बंद करतात. पण रॅकच्या वरच्या मजल्यावर पॅलेट आत ढकलताना ते मागे जास्त सरकले तर मागचे पॅलेट पलीकडच्या गल्लीत पडते, आणि ती गल्ली उघडी असते. नियमात ‘लगतची गल्लीही बंद’ हे शब्द हवेत. शक्यतो हे काम गिऱ्हाइके आत नसतानाच करावे. डोक्यावरच्या प्रत्येक मजल्यावरचा माल फिल्मने घट्ट गुंडाळलेला असावा, मागे जाळी असावी आणि जड माल खालीच राहावा. चोरीच्या भीतीने आपत्कालीन दाराला कुलूप लावलेले दिसले, तर त्या दिवशी दुकान बंद, इतका कडक नियम इथे आम्हाला योग्य वाटतो.

सदस्यत्व शुल्काबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ऑनलाइन आपोआप नूतनीकरणाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावीच लागते, आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ (सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड करणे) हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आलेला आहे. राज्याने एवढेच जोडावे की दुकान बंद झाले किंवा दुसरीकडे हलले तर उरलेल्या मुदतीचे शुल्क मागणी न करता परत मिळावे.

विदेचा, म्हणजे डेटाचा, प्रश्न मात्र गंभीर आहे. कार्डामुळे गोदामाला कळते की अमुक गल्लीतला किराणावाला महिन्याला किती तूरडाळ, कोणत्या ब्रँडचा चहा, कोणत्या तारखेला नेतो. त्याच समूहाची किरकोळ दुकाने किंवा घरपोच सेवा त्या भागात असेल, तर ही माहिती म्हणजे त्या दुकानदाराची वही प्रतिस्पर्ध्याच्या हातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे, भागीदारी पेढीच्या खरेदीचा तपशील त्यात बसत नाही. सभासदाच्या खरेदीची माहिती समूहातल्या किरकोळ विक्री करणाऱ्या कोणत्याही घटकाला देता येणार नाही, अशी अट नोंदणीत असावी आणि वर्षातून एकदा स्वतंत्र लेखापरीक्षकाने तसे प्रमाणित करावे.

हे सगळे राज्याच्या हातात आहे का, असे विचारले जाईल. राज्यांतर्गत व्यापार हा राज्यसूचीतल्या २६ व्या नोंदीचा विषय आहे. दुकाने व आस्थापना आणि अग्निसुरक्षा यांचे कायदे राज्याचेच आहेत. वजनमापांची मानके केंद्राची असली तरी अंमलबजावणीचे नियम राज्य करते. ज्यांना नवा अधिनियम लागेल अशा गोष्टी म्हणजे नोंदणी, तडजोड समिती आणि विदेची अट. बिलावरची खूण, दरपट्टी, क्रेटचे वजन, गिऱ्हाइकासाठी मोकळा काटा आणि लगतची गल्ली यांची सुरुवात आदर्श कार्यपद्धतीने करता येईल, आणि त्याची छोट्या दुकानांना झळ लागू नये म्हणून ती फक्त कार्डावर प्रवेश देणाऱ्या, ठरावीक क्षेत्रफळावरच्या दुकानांना लागू करावी. पथविक्रेत्यांसाठी प्रमाणपत्र नसल्यास पालिकेची पावती किंवा सर्वेक्षणातली नोंद पुरेशी मानावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

नियमांचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकतींसाठी किमान ४५ दिवस द्यावेत. सुनावण्या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि दुपारी दोन ते चार या वेळात ठेवाव्यात, कारण किराणा दुकानदाराची सकाळ आणि संध्याकाळ गल्ल्यावर जाते.

आपले विश्वासू,
घाऊक व्यापार, वजनमापे आणि गोदाम-सुरक्षा या क्षेत्रांत काम करणारे